शेडमध्ये घडलेला सबसॉयलर

सबसॉयलर पाहायला गेले तर अगदी साधे अवजार. एक जाड उभी पट्टी, तिच्या टोकाला पुढे आलेला छोटा फाळ आणि वर ट्रॅक्टरला अडकवायची तिकोनी चौकट. नांगरासारखी माती पलटवणे हे त्याचे काम नाही. वरची माती वरच राहते आणि फूट-सव्वा फूट खाली दडलेला घट्ट थर तेवढा तडकतो. सांगली-कोल्हापूरकडच्या कुठल्याही फॅब्रिकेशनच्या दुकानात तो सहज तयार होईल. ऑस्ट्रेलियात तर शेतावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये, वेल्डिंग मशीन आणि भंगारातले लोखंड यांच्या भरवशावर लोक तो स्वतःच करतात. त्यातले काही वर्षानुवर्षे चालतात, काही पहिल्याच दिवशी वाकतात. बरेचसे मात्र वाकतही नाहीत आणि तुटतही नाहीत, जमिनीत नुसती चीर पाडून परत येतात. खरा तोटा या शेवटच्या प्रकारात आहे, कारण मालकाला वाटते काम झाले.

ऑस्ट्रेलियाची जमीन आपल्या मनातल्या चित्रापेक्षा बरीच दुबळी आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या गव्हाच्या पट्ट्यात मैलोन्‌मैल वाळूसर माती पसरलेली आहे. वाळू म्हणजे भुसभुशीत, असा आपला समज असतो. पण जाड-बारीक कणांची सरमिसळ असलेल्या वाळूवरून जड यंत्रे फिरली की बारीक कण जाड कणांच्या फटीत जाऊन बसतात आणि १० ते ४० सेंटिमीटरच्या दरम्यान एक आवळलेला थर तयार होतो. अशा मातीत चिकणमातीचा अंश जेमतेम असल्याने ती उन्हाने आक्रसत नाही, पावसाने फुगत नाही. म्हणजे एकदा दबली की आपण होऊन सुटत नाही. मुळे साधारण दोन-अडीच मेगापास्कलच्या प्रतिकारापाशी थबकतात. खाली ओल असते, पण पिकाला ती मिळत नाही. म्हणूनच तिकडच्या कृषी खात्याने खोल चिरणीचे प्रयोग गेली कित्येक दशके चालवले आहेत आणि वाळूच्या जमिनीत त्याचा फायदा वारंवार दिसला आहे. मात्र तिथले मोठे शेतकरी हे काम शेकडो अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरांनी करतात. पाच-पंचवीस एकरवाल्याकडे असतो जुना छोटा ट्रॅक्टर, आणि त्याचे गणितच वेगळे.

हे गणित समजायला राखाडी फर्गी उत्तम. हॅरी फर्ग्युसनचा टीई-२० ट्रॅक्टर १९४६ ते १९५६ या काळात इंग्लंडातल्या कॉव्हेंट्री येथे तयार झाला. पाच लाखांहून अधिक निघाले. ऑस्ट्रेलियात ते इतके गेले की आजही अनेक शेडांमध्ये एखादा फर्गी चालू स्थितीत सापडतो. आपल्याकडचा जुना मॅसी ओळखणाऱ्याला तो परका वाटणार नाही. १९६० मध्ये मद्रासला स्थापन झालेल्या टॅफेने मॅसी फर्ग्युसनच्या सहकार्याने जे ट्रॅक्टर काढले, ते याच घराण्यातले. फर्गीची ताकद मॉडेलप्रमाणे २३ ते २८ अश्वशक्ती आणि वजन साधारण ११-१२ क्विंटल.

ट्रॅक्टर शेतात ओढू शकतो ते स्वतःच्या वजनाच्या जेमतेम निम्म्याइतके. त्यापुढे चाके फिरतात, ट्रॅक्टर जागचा हलत नाही. चालकाचे आणि अवजाराचे वजन धरले तरी फर्गीची ओढ ६०० किलोच्या आसपास संपते. आता ताशी साडेतीन किलोमीटरच्या चालीने ६०० किलो ओढायला प्रत्यक्षात आठ अश्वशक्तीच पुरते. इंजिनाची बाकीची ताकद खुंटीला टांगलेली. छोट्या ट्रॅक्टरला सबसॉयलर झेपत नाही, असे लोक म्हणतात तेव्हा दोष इंजिनाला देतात. खरे तर कमी पडते ते वजन.

समोर जमिनीची मागणी किती? ३५ सेंटिमीटर खोलीवर एका अरुंद दांड्याला वाळूत सुमारे ४०० किलो, पोयट्यात ६०० आणि भारी चिकणमातीत ९०० किलोच्या घरात ओढ लागते. म्हणजे वाळूत फर्गी आरामात जाईल, पोयट्यात दमेल, चिकणमातीत उभा राहील. मागच्या चाकांत पाणी भरणे आणि रिमला लोखंडी वजने लावणे हे उपाय आहेतच; पण वजन वाढवले की त्या चाकांखाली पुन्हा जमीन दबते. मला विचाराल तर आधी खोली कमी करावी, वजन नंतर वाढवावे.

खोलीबद्दल एक गोष्ट घरगुती कारागिरांच्या हातून हटकून निसटते. इंग्लंडच्या सिल्सो येथील गॉर्डन स्पूर आणि डिक गॉडविन या संशोधकांनी १९७८ मध्ये ती नीट मोजून मांडली. फाळ उथळ चालतो तेव्हा माती पुढे आणि वर सरकते, बाजूला तडे जातात, जमिनीचा पृष्ठभाग किंचित उचलला जातो. पण एका ठरावीक खोलीच्या खाली गेलात की वरच्या मातीचा भार इतका होतो की माती वर यायला जागाच उरत नाही. ती फाळाच्या दोन्ही बाजूंना दाबली जाते. ओढ भरमसाट वाढते, डिझेल जळते आणि जमिनीत उरते ती गुळगुळीत भिंतींची एक चीर, आजूबाजूला आधीपेक्षा घट्ट झालेली माती घेऊन. ही सीमा ढोबळमानाने फाळाच्या रुंदीच्या पाच ते सातपट असते. माती जितकी ओली, तितकी ती आणखी वर सरकते.

म्हणजे पाच सेंटिमीटर रुंद फाळ ३० सेंटिमीटरपर्यंत जमीन उचलेल. तोच ४५वर घातला, तर वरून काम खोल झालेले दिसेल आणि खाली काहीच झालेले नसेल. स्पूर-गॉडविन यांनी फाळाला दोन बाजूंनी पंख लावून पाहिले. ओढ सुमारे तिसऱ्या हिश्शाने वाढली, पण मोकळी झालेली माती जवळपास दुप्पट भरली. दुसरा उपाय म्हणजे मुख्य दांड्याच्या पुढे उथळ चालणारे छोटे दात, जे वरचा भार आधीच हलका करतात. छोट्या ट्रॅक्टरवाल्याला तेवढी ओढ परवडत नाही. त्याने तेच काम दोन फेऱ्यांत करावे. आधी २० सेंटिमीटर, मग त्याच तासात ३० ते ३५. दुसऱ्या फेरीला वरची माती सुटलेली असल्याने तेवढ्याच ट्रॅक्टरला जास्त खोली मिळते.

आता शेडमध्ये या. दांड्यासाठी २५ मिलिमीटर जाड आणि १०० मिलिमीटर रुंद पट्टी घेतली, फाळ वरच्या खिळीपासून ६० सेंटिमीटर खाली आहे असे धरले, तर साधे माइल्ड स्टील पुढून-मागून सुमारे १,७०० किलोचा ताण सोसते. ९०० किलोची संथ ओढ तिला काहीच नाही. दगडाचा धक्का बसला की मात्र ताण क्षणभर कितीतरी पटींनी वाढतो. बाजूने ही पट्टी चौपट दुबळी. जेमतेम ४०० किलोचा आडवा रेटा लागला की ती वाकते, आणि हा रेटा येतो दांडा जमिनीत असताना ट्रॅक्टर वळवल्याने. वाकलेला सबसॉयलर दिसला की लोक लोखंडाला नावे ठेवतात. बहुतेक वेळा तो धुऱ्यापाशी वळताना वाकलेला असतो. आधी उचला, मग वळा.

चांगले पोलाद हवे असेल तर न्यू साउथ वेल्समधल्या वोलोंगाँगजवळ उनंडेरा येथे तयार होणारी बिसॅलॉयची पाटी तिकडे मिळते. तिची ताकद साध्या लोखंडाच्या कितीतरी पुढे. पण ऑस्ट्रेलियन शेतकऱ्याचा आवडता माल म्हणजे रस्त्याच्या ग्रेडरचे झिजलेले पाते. त्याचा तुकडा फाळाच्या टोकाला लावला की झिजेची चिंता मिटते. गाडीच्या कमानीचे पाटेही चालतात, पण दोन्ही पोलादे कडक असतात. थंड लोखंडावर साध्या रॉडने टाका मारला तर जोडाच्या कडेला केसासारखी भेग पडते आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी फाळ शेतातच राहतो. म्हणून जोडण्याआधी तुकडा हात लावता येणार नाही इतका तापवावा, ७०१८चा कोरडा रॉड वापरावा आणि जोड राखेत वा कोरड्या वाळूत हळूहळू निवू द्यावा. त्याहून शहाणपणाचे म्हणजे टोक वेल्ड न करता बोल्टने बसवणे. झिजले की बदलता येते.

फाळाचा पुढचा उतार आडव्याशी २० ते २५ अंशांचा असावा. उभा फाळ माती ढकलतो, तिरका फाळ माती उचलतो. याच्या जोडीला एक बारीक बाब: फाळाच्या तळाची टाच टोकापेक्षा किंचित वर राहिली पाहिजे. टाच जमिनीला टेकली तर अवजार स्कीसारखे घसरत राहते आणि कितीही वजन टाका, खाली उतरत नाही. चौकटीला पहिल्या श्रेणीच्या जोडणीचे माप पाळावे: खालच्या दोन पिना २२ मिलिमीटरच्या, टॉप लिंकची १९ची. मग ती कुठल्याही छोट्या ट्रॅक्टरला बसते.

फर्ग्युसनच्या या तीन ठिकाणांच्या जोडणीनेच छोट्या ट्रॅक्टरला जीवदान दिले, तेही शब्दशः. त्याआधी अवजार मागे साखळीने किंवा दांडीने ओढत आणि फाळ खडकात अडकला की चाके जागच्या जागी फिरण्याऐवजी ट्रॅक्टरच मागच्या आसाभोवती फिरून चालकाच्या अंगावर उलटे. टॉप लिंकमुळे तोच झटका ट्रॅक्टरचे पुढचे तोंड खाली दाबतो आणि अवजाराचा भार मागच्या चाकांवर येतो. घरगुती सबसॉयलर आसाला साखळी बांधून ओढण्याचा मोह म्हणूनच जीवघेणा. व्हिक्टोरिया राज्याने १९९०च्या दशकाच्या अखेरीस जुन्या ट्रॅक्टरांना सुरक्षा-कमानी बसवायला अनुदान दिले, ते असे बळी पाहूनच. जुना फर्गी घेणाऱ्याने आधी कमान बसवावी, सबसॉयलरचे नंतर बघावे.

शिअर बोल्टचा, म्हणजे अवजार वाचावे म्हणून आधी तुटणाऱ्या बोल्टचा, विषय निघाला की मला रिचर्ड बोयर स्मिथची आठवण होते. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या यॉर्क द्वीपकल्पावर १८७०च्या दशकात मॅली नावाची झुडुपे तोडून गहू पेरला जात होता. मॅलीचा बुंधा तोडला तरी खालचा गड्डा जमिनीत राहतो आणि नांगराचा फाळ त्यावर आपटून मोडतो. सांगतात ते असे की एकदा नांगराचा बोल्ट तुटला आणि सैल झालेला फाळ गड्ड्यावरून उडी मारून पुढे पुन्हा जमिनीत शिरला. त्यातून १८७६ मध्ये स्मिथने बिजागरीवर हलणारा आणि वजनाने खाली ओढला जाणारा फाळ बसवून नांगर केला. गड्डा आला की फाळ वर, गेला की खाली. ऑस्ट्रेलियन शेतीचा निम्मा इतिहास अशा खटपटींचा आहे, आणि सगळ्या कारखान्यात नव्हे तर शेतात सुचलेल्या.

सबसॉयलरवर हेच काम शिअर बोल्ट करतो. दांडा वर एका जाड खिळीवर फिरता ठेवायचा आणि त्यापासून १५ सेंटिमीटरवर १२ मिलिमीटरचा साधा ४.६ प्रतीचा बोल्ट घालायचा. फाळ खिळीपासून ६० सेंटिमीटर दूर असल्याने फाळावरचा जोर बोल्टवर चौपट होऊन येतो. दोन्ही बाजूंच्या पाट्यांत कापला जाणारा असा बोल्ट फाळावर सुमारे १,००० ते १,३०० किलोचा धक्का आला की तुटतो. दांडा वाकायला १,७०० लागतात हे वर आलेच. म्हणजे स्वस्तातली वस्तू आधी मोडते, आणि ती तशीच मोडली पाहिजे. बोल्ट सारखा तुटतो म्हणून वैतागून ८.८चा घालणारे लोक दोन्ही देशांत आहेत. मग पुढचा बळी दांड्याचा, नाहीतर ट्रॅक्टरच्या लिफ्टचा.

छोट्या ट्रॅक्टरला खोल नेण्याचा सर्वांत गाजलेला ऑस्ट्रेलियन प्रयत्न पी. ए. येओमन्स यांचा. खाणींत खनिज तपासण्याचे आणि मातीकामाचे काम केलेल्या या माणसाने १९४३ मध्ये सिडनीच्या वायव्येला नॉर्थ रिचमंड येथे जमीन घेतली. पुढच्याच वर्षी गवताला लागलेल्या वणव्यात त्यांच्या मेहुण्याचा मृत्यू झाला आणि पाणी जमिनीतच कसे धरून ठेवायचे हा त्यांचा ध्यास झाला. अमेरिकेतल्या धुळीच्या वादळांच्या काळात जन्मलेला ग्रॅहॅम छिन्नी-नांगर त्यांनी मागवला आणि तो आपल्या पद्धतीने वापरत, बदलत नेला. ‘द कीलाइन प्लॅन’ हे पुस्तक १९५४ मध्ये आले. मुद्दा असा की डोंगरउताराच्या घळीत जिथे तीव्र उतार संपून सौम्य उतार सुरू होतो, त्या बिंदूतून समपातळीची रेषा काढायची आणि तिला समांतर चिरा पाडत जायचे. अशा चिरा घळीकडून धारेकडे किंचित उतरत जातात, त्यामुळे घळीत गोळा होणारे पाणी कोरड्या धारेकडे पसरते. पहिल्या वर्षी चीर उथळ, गवताची मुळे तिथवर पोहोचली की पुढच्या वर्षी थोडी खोल. ओढीच्या दृष्टीनेही हे बिनचूक आहे: दर वर्षी फक्त खालचे काही सेंटिमीटर घट्ट मातीतून जायचे.

येओमन्सच्या अनुयायांनी पुढे एवढे दावे केले, की नांगरानेच सुपीक माती जन्माला येते असे वाटावे. मला ते पटत नाही. त्यांच्या कुरणात चांगले गवत होते, द्विदल चारा होता, जनावरे पाळीपाळीने चरत होती, श्रेय सगळ्यांचे. पण अवजारकार म्हणून ते फार वरचे. त्यांचा बनिप स्लिपर इम्प नावाचा नांगर, शेकरेटर या जोडासह, १९७४ मध्ये ऑस्ट्रेलियन रचनेसाठीच्या प्रिन्स फिलिप पारितोषिकाचा मानकरी ठरला. पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या शाफ्टवर, फिरणाऱ्या असंतुलित वजनाने यात दांडे थरथरतात. थरथरता फाळ माती हप्त्याहप्त्याने फोडतो, त्यामुळे ओढ कमी लागते. एकूण ताकद वाचते असे नाही. पण ती चाकांतून न जाता पीटीओतून जाते. वजन अपुरे आणि अश्वशक्ती शिल्लक, या फर्गीच्या दुखण्यावर याहून नेमके औषध नाही. घरी मात्र ते करू नये. थरथरणारी चौकट वेल्डिंगचा प्रत्येक कच्चा टाका शोधून काढते. येओमन्स यांची नॉर्थ रिचमंडची योबार्नी ही शेती राज्याच्या वारसा यादीत आहे, आणि तिच्या बऱ्याच भागावर आता घरे उभी राहत आहेत.

अवजार तयार झाले तरी आधी सळई घ्यावी. दहा मिलिमीटरची, मीटरभर लांब, वर आडवी मूठ वेल्ड केलेली. चांगल्या पावसानंतर ओल खोलवर गेली की ती सरळ दाबत जायचे. हात अडतो, मग जोर केल्यावर एकदम सुटतो. त्या दोन खुणांमधला तो घट्ट थर. फाळ त्याच्या तळाखाली तीन-चार सेंटिमीटर चालला की पुरे. खाली सळई अडतच नसेल तर सबसॉयलर काढायचे कारणच नाही. आणि जमिनीत काही पुरलेले नाही ना, हेही बघायचे. ऑस्ट्रेलियात खोदण्याआधी विचारले की केबल-नळांचे नकाशे मिळतात. आपल्याकडे ठिबकची मेन लाइन कुठून गेली ते वडिलांना विचारावे लागते.

वाफसा पाहायचा तो वरचा नव्हे, फाळ चालेल त्या खोलीचा. खोऱ्याने खड्डा काढून तिथली चिमूटभर माती तळहातावर वळायची. पेन्सिलीच्या शिशाएवढी बारीक वात झाली तर जमीन ओली आहे, फाळ नुसती चीर पाडेल. वात होता होता तुटत असेल तर हीच वेळ. वर धूळ उडते आणि खाली चिखल असतो, असे कापणीनंतर फार वेळा असते.

काही जमिनींत मात्र हे सगळे व्यर्थ आहे. ऑस्ट्रेलियात सोडियम जास्त असलेल्या, आपण चोपण म्हणतो तशा जमिनी अफाट आहेत. चिरलेली माती पहिल्या पावसात विरघळून पुन्हा लिंपली जाते. याची परीक्षा फुकट आहे. खालच्या थरातला वाटाण्याएवढा कोरडा खडा पावसाच्या पाण्याने भरलेल्या काचेच्या भांड्यात अलगद सोडायचा आणि न हलवता काही तासांनी बघायचे. खडा ढासळला पण पाणी स्वच्छ राहिले तर ठीक. त्याच्याभोवती दुधासारखे वलय पसरले तर आधी जिप्सम. ॲडलेडच्या एमर्सन यांनी १९६७ मध्ये या साध्या निरीक्षणावरून मातीचे वर्गीकरणच बसवले.

उलट टोकाला क्वीन्सलंडच्या डार्लिंग डाउन्सची काळी माती. ती आपल्या मराठवाड्यातल्या काळीची सख्खी बहीण: उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, आपली आपण मोकळी होते, फक्त तिला खोलवर वाळू द्यावे लागते. तिकडचे कापूस उत्पादक दबलेल्या शेतात करडई पेरतात, कारण तिची सोटमुळे खोलवरची ओल पिऊन जमीन भेगाळून टाकतात. मराठवाड्यात करडई कमी होत गेली आणि रोटाव्हेटर वाढला. मग सबसॉयलरची मागणी वाढली तर नवल नाही.

शेवटी चाकांचा हिशेब. मोकळ्या केलेल्या जमिनीवर पहिलीच फेरी सर्वांत जास्त नुकसान करते. क्वीन्सलंडमधल्या गॅटनच्या जेफ टुलबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात चाके दरवर्षी त्याच पट्ट्यांवरून न्यायची पद्धत शेतकऱ्यांत रुजवली. त्यात शेताचा साधारण सातवा हिस्सा रस्ता होतो, बाकीचे चाकाखाली येतच नाही. वाळूच्या जमिनीत मोकाट वाहतूक असेल तर चिरणीचा गुण दोन-तीन हंगामांत ओसरतो, ठरलेल्या पट्ट्यांवर वाहतूक ठेवली तर बराच लांबतो. उसाच्या फडातून ओल्या रानात भरलेली ट्रॉली काढणाऱ्याने सबसॉयलरचे भाडे ठरवण्याआधी ट्रॉली कुठल्या दोन सऱ्यांवरून जाईल ते ठरवावे. सुरुवात एका कोपऱ्यातल्या पट्ट्याने करावी, शेजारचा तेवढाच पट्टा न चिरता सोडावा आणि पुढच्या पावसाळ्यात तीच सळई दोन्हीकडे दाबून पाहावी.